विल्मरच्या हातातलं ओगराळं

इलोइलो
१४ ऑक्टोबर २०१८, रविवार

प्रिय मनांग ओफेलिया,

विल्मर गुम्बान गुरुवारपासून घरी नाही. आज सकाळी मिस्सा सुटल्यावर त्याच्या बहिणीने, ज्युडिथने, मला चर्चच्या पायऱ्यांवर गाठून हे सांगितलं. तो जिथे शेवयांचं बाचॉय शिजवतो त्या दुकानाची मालकीणही तेच म्हणते. बुधवारी भांडी घासून तो निघाला, एप्रन खुंटीला लावला, आणि परत आला नाही. कालच्या बैठकीलाही नव्हता.

तू बैठक माझ्यावर सोपवून वडिलांच्या सेवेला डोंगरावर गेलीस, तेव्हाचा विल्मर तुझ्या डोळ्यांसमोर असेल. दर शनिवारी रश्श्याचं पातेलं घेऊन जिना चढायचा. गोळ्यांमुळे हात थरथरतात, तरी शेवयांवर रस्सा वाढणार तोच. अर्धा वाटीत, अर्धा फरशीवर. वर म्हणायचा, "फरशीलाही भूक लागते." अलीकडे मीच त्याच्या हातातलं ओगराळं काढून घेत होते. उगाच त्याची फजिती नको म्हणून.

आता झालंय असं, की कुणीतरी त्याचा मनाचा आजार वस्तीभर केलाय. बुधवारी मालकीण त्याला म्हणाली, "चुलीपाशी नको, सुरीपाशी तर नकोच. तू आपला मागे बसून भांडी घास. तुझ्याच भल्यासाठी सांगते." एवढी वर्षं ज्याच्या रश्श्यावर ते दुकान चाललं, त्याला हे! गिऱ्हाइकं घाबरतात म्हणे.

ज्युडिथने मला पायऱ्यांवर सोडलंच नाही. "तुमच्या त्या गोळ्या खाणाऱ्यांच्या शनिवारच्या बैठकीत काय काय बोलला तो? तुला ठाऊक आहे तो कुठे जाईल."

मी म्हटलं, "ज्युडिथ, तिथलं तिथेच राहतं. तो आमचा नियम आहे."

"नियम!" ती ओरडली. पवित्र पाण्यात बोटं बुडवायला आलेल्या बायका तशाच थांबल्या. "समुद्रातून त्याला बाहेर काढायची वेळ आली, तर त्यालाही नियम वाचून दाखव."

मनांग, मला खरंच ठाऊक आहे. मार्चमध्ये त्याने आम्हाला सांगितलं होतं. पोरसवदा असताना तो गिमारास बेटावर आंब्याची राखण करायचा. फळांना कागद बांधायच्या हंगामात तो तिथे एका खोपीत राहायचा. एकदा हंगाम संपल्यावर तो त्याच खोपीत मरायला गेला होता. घरी हे कुणालाच माहीत नाही. "पहाटे कोंबडा आरवला आणि मला भूक लागली, म्हणून राहिलो," असं हसत सांगितलं होतं त्याने. कुणी हसलं नव्हतं.

तू माझी मनांग, थोरल्या बहिणीच्या जागी, तूच बोल: सांगू का ज्युडिथला? की गप्प बसू? दोन्हीकडून माझाच जीव टांगलेला आहे. शिलाईला बसले तर सुई बोटात जाते.

आणि वस्तीत कुणी सांगितलं, याचाही मला अंदाज आहे. आपले नोंग तिबो. जीपनी चालवायचे तेव्हा अख्ख्या मार्गावरच्या भानगडी त्यांना पाठ असायच्या. तोंडाला कुलूप कधी लागलंय त्यांच्या? पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर विचारणार आहे.

हे पत्र बसच्या दोदोंगकडे देते आहे. उत्तर त्याच्याचकडून धाड, लगेच.

तुझी
पेर्ला


सिबालोमच्या वर, डोंगरावरून
१६ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय इंदाय पेर्ला,

विल्मर जिवंत आहे. काल ज्या माणसाने त्याला डोळ्यांनी पाहिलं, त्याच्या शब्दावर हे लिहिते आहे, आणि तो शब्द मी खरा मानते. जेवतो आहे. झोपतो आहे. "मरायचं मनात आहे का?" असं त्याला सरळ विचारलं गेलं आहे, आडून नाही. तो नाही म्हणाला. उद्या पुन्हा विचारलं जाईल.

कुठे आहे ते मी लिहिणार नाही. तेवढी मुभा मला नाही. ज्युडिथला सांगायला त्याने दोनच शब्द दिले आहेत: जिवंत आहे. पत्र मिळताच तिच्याकडे जा आणि ते दोन शब्द तसेच सांग. त्यात आपलं काही घालू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. नव्या माणसाला आपण पहिल्या दिवशी काय विचारतो? तुझ्या जिवाची भीती वाटली तर आम्ही कुणाला हाक मारायची? तो एक नाव कानात सांगतो. विल्मरने कुणाचं नाव दिलं होतं, तुला माहीत आहे का? मी निघाले तेव्हा तुला म्हटलं होतं, की बैठक चालवणारी बदलली आहे, तेव्हा सगळ्यांना नव्याने विचार. विचारलंस का? की बहीण आहे म्हणजे बहिणीचंच नाव असणार, असं धरून चाललीस? रागावत नाही. मीही एकदा असंच धरून चालले होते आणि एका बाईच्या नवऱ्याला बोलावलं होतं. ती त्याच्याच भीतीने आजारी पडली होती.

नोंग तिबोंचं म्हणशील, तर बैठक म्हणजे पोलीस चौकी नव्हे. सगळ्यांसमोर विचारणार म्हणतेस. सगळे कशाला हवेत? तुला उत्तर हवंय की साक्षीदार?

जाता जाता एक विचारते. ऑक्टोबर, जपमाळेचा महिना आहे, मातेची मूर्ती घरोघर फिरत असेल. तुझ्या घरी कधी आली होती? प्रार्थना कशी झाली? मला सविस्तर लिही.

आणि तू झोपतेस का? तुझ्या पत्रातल्या ओळी उजवीकडे खाली घसरल्या आहेत. वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर होतीस, तेव्हा तू आईला पत्रं लिहायचीस, तेव्हाही त्या अशाच घसरायच्या.

ओफेलिया


इलोइलो
२१ ऑक्टोबर, रविवार

मनांग,

तुझं मंगळवारचं पत्र मला शुक्रवारी संध्याकाळी मिळालं. तुझा तो दोदोंग पत्र खिशात घालून मावसभावाच्या लग्नाला गेला होता. पाकिटाला भाजलेल्या डुकराचा वास येत होता. "तातडीचं आहे असं कुणी म्हटलं नाही, मॅडम," म्हणे.

तोपर्यंत मी ज्युडिथला सांगून बसले होते.

बुधवारी ती पुन्हा आली. या वेळी ओरडली नाही. माझ्या शिलाईच्या मशीनसमोर नुसती बसून राहिली, पाय हलवत. तिचं ते न बोलणं मला सहन झालं नाही. मी खोपीचं सांगितलं. तिथे तो का गेला होता, तेही सांगितलं. कोंबड्याचंही सांगितलं.

गुरुवारी सकाळी आम्ही होडीने गिमारासला गेलो. ज्युडिथ, तिचे दोन चुलतभाऊ आणि मी. तिथे उतरल्यावर गावचे राखणदार सामील झाले, त्यांच्यामागे रिकामी माणसं, त्यांच्यामागे कुत्री. खोपी केव्हाच पडली आहे. तिथे एक शेळी बांधलेली होती. ज्युडिथ झाडाझाडाखाली ओरडत फिरली, "विल्मर, मरायचं होतं तर आधी मला सांगायचं होतंस!" चुलतभावांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. शेळीवाल्यालाही कळलं. परतीच्या होडीत त्याचा लहान चुलतभाऊ रडत होता आणि मोठा सगळ्यांना फोन करून सांगत होता.

शुक्रवारी तुझे ते दोन शब्द हातात पडले. मी धावत ज्युडिथकडे गेले आणि सांगितले. ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "म्हणजे आपण उगाच बोंब मारली?"

तुझं पत्र वाचूनही मी शनिवारी ऐकलं नाही. बैठकीत सगळ्यांसमोर म्हटलं, "नोंग तिबो, विल्मरचं वस्तीत तुम्ही सांगितलंत का?"

ते वाटीत चमचा फिरवत होते. म्हणाले, "इंदाय, मी बडबड्या आहे हे खरं. पण बडबड माझ्याच वेडाची करतो. मासळी बाजारात विचार, मला कधी, कुठे, कुणाचे आवाज ऐकू येतात ते कोळणींना पाठ आहे. त्या मला विचारतात, काय तिबो, आज काय म्हणतायत वरचे लोक? दुसऱ्याचं वेड उसनं घ्यायला माझं मला कमी पडलंय का?"

सगळे हसले. मी नाही हसले. मी म्हटलं, "मग कुणी?"

ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पुढे." आपल्याकडे ज्याला बोलायचं नसतं तो पुढे म्हणतो, तसं.

बैठक उठली. सगळे जिना उतरून गेले, पण ते बाक लावायच्या निमित्ताने मागे राहिले. मग म्हणाले, "विल्मर गेला त्याच्या आधीच्या सोमवारी माता तुझ्या घरी होती. मी मागे, पाण्याच्या टाकीपाशी, केळीच्या पानातला भात खात होतो. माळ संपली. ज्याने त्याने आपलं मागणं मोठ्याने मागितलं. कुणी मुलीचा व्हिसा मागितला, कुणी नवऱ्याचे गुडघे. आणि तू मागितलंस..."

त्यांना पुढे बोलावं लागलं नाही. माझंच मला ऐकू आलं. "आमच्याबरोबर शनिवारी बसणाऱ्या विल्मरचं मन, माते, ताळ्यावर आण. त्याने गोळ्या अर्ध्या केल्या आहेत."

मनांग, तीस-चाळीस बायका होत्या गं. सगळ्या म्हणाल्या, "माते, आमचं ऐक." मालकिणीची जाऊ पुढून दुसऱ्या रांगेत होती.

मी त्यांना विचारलं, "सगळ्यांसमोर का नाही बोललात? मी तर तुम्हाला सगळ्यांसमोर धरलं होतं." ते म्हणाले, "म्हणूनच."

मला तेव्हा काही वावगं वाटलंच नव्हतं. इथे कोण नाव घेतल्याशिवाय प्रार्थना करतं? लहानपणापासून ऐकत आलोय, नाव घेतलं नाही तर मातेला पत्ता कसा कळायचा! मी त्याच्यावर माया केली, आणि त्या मायेने त्याचं काम गेलं.

आता तुझं सांगते. कुणी पाहिलं, कुणाच्या शब्दावर, मुभा नाही... इतकं जपून तू एकाच माणसाबद्दल लिहितेस, जो शेजारच्या खोलीत बसलेला असतो. तो तुझ्याकडे आहे. त्याने तुझंच नाव दिलं होतं, होय ना? आणि मातेचं तू मला मुद्दाम विचारलंस. तुला ठाऊक होतं. सरळ का नाही लिहिलंस? मी इथे बेटावर झाडाझाडाखाली शोधत होते आणि तू मला कोडी घालत होतीस!

मी येते. मंगळवारच्या पहिल्या बसने येते आणि त्याचे पाय धरते. झोपेचं विचारतेस. नाही झोपत. चार रात्री झाल्या. पण मी बैठक चालवते, मीच असं म्हणायला लागले तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं?

पेर्ला


डोंगरावरून
२२ ऑक्टोबर, सोमवार

इंदाय,

येऊ नकोस.

तुझं पत्र काल रात्रीच्या बसने आलं, हे आज सकाळच्या बसने खाली जाईल. दोदोंगला तातडीचं आहे असं तीनदा म्हटलं आहे, आणि या आठवड्यात कुणाचं लग्न नाही ना, हेही विचारून घेतलं आहे.

विल्मर इथेच आहे. गेल्या सोमवारी संध्याकाळी चिखलाने भरलेल्या चपला हातात घेऊन आला. हे पत्र त्याला वाचून दाखवलं आहे. दोन वाक्यं त्याने खोडायला लावली, ती खोडली. म्हणजे इथे जे आहे ते त्याच्या मुभेने आहे.

सकाळी तो माझ्या वडिलांबरोबर डुकरांना खायला घालायला जातो. वडिलांना ऐकू येत नाही. हा आपला जावई आहे अशी त्यांनी समजूत करून घेतली आहे आणि मला म्हणतात, "उशिरा आणलास, पण कामाचा आणलास." विल्मर जेवताना मुद्दाम त्यांच्या पाया पडतो आणि माझ्याकडे बघून डोळा घालतो.

माझ्या चुका आधी सांगते. बहीण भावाला शोधत असताना दोन शब्द दोदोंगच्या खिशात घालून मी स्वस्थ बसले. त्याच दिवशी गावात उतरून तुला फोन करायला हवा होता. खाली जायला अर्धा दिवस जातो आणि वडिलांना एकटं ठेवता येत नाही, ही माझी अडचण होती. तिची किंमत ज्युडिथने भरली. आणि मातेचं मी आडून विचारलं हेही खरं. तुझ्या तोंडून यावं असं वाटलं. पण हे वाटणं म्हणजे मास्तरकी झाली. बैठक चालवणाऱ्याला ती शोभत नाही. विल्मरला सरळ विचारलं आणि तुला नाही, हे बरोबर झालं नाही.

ज्युडिथला खोपी सांगितलीस, यात मला चूक दिसत नाही. माणूस बेपत्ता होता आणि तुला जिवाची भीती होती. अशा वेळी "इथलं इथेच" धरून बसायचं नसतं, हे आपण पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगतो. पण जागा सांगून थांबता आलं असतं. शोधायला जागा लागते. कोंबडा लागत नाही.

आता विल्मरचं. मालकिणीने त्याला त्याच बुधवारी सांगितलं होतं, "पेर्लाने तुझ्यासाठी किती मनापासून मागितलं!" त्याला राग प्रार्थनेचा नाही. तो म्हणाला, "मातेला सांगायचं होतं तर कानात सांगायचं. ती काय बहिरी आहे, तुझ्या बापासारखी?" मग म्हणाला, "आधी पेर्लाने माझ्या हातातलं ओगराळं घेतलं. मग मालकिणीने सुरी घेतली. दोघीही म्हणाल्या, तुझ्या भल्यासाठी. मला एकदाही कुणी विचारलं नाही."

हे वाक्य खोडू का, असं मी त्याला विचारलं. "राहू दे," म्हणाला.

गोळ्यांबद्दल मी "घे" म्हटलं नाही आणि "नको घेऊ" असंही म्हटलं नाही. हात थरथरतात हे डॉक्टरांना सांगितलंस का, एवढंच विचारलं. "ते मान वर करत नाहीत, मनांग," म्हणाला. त्यांना काय सांगायचं ते आम्ही डुकरांसमोर तीन वेळा म्हणून पाहिलं. शुक्रवारी खाली येऊन तो डॉक्टरांकडे जाणार आहे. मी बरोबर येते. आत ये म्हणाला तर आत, नाहीतर बाहेरच्या बाकावर. शेजारीण दोन दिवस वडिलांकडे बघेल.

काल आम्ही गावात उतरलो आणि त्याने ज्युडिथला फोन केला. खोपीचं सगळ्यांना कळलं हे त्याला तिच्याकडून कळलं. तिने आधी पोटभर शिव्या दिल्या आणि मग विचारलं, "जेवलास का?" फोन ठेवल्यावर तो रस्त्याच्या कडेला बसला. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. म्हणाला, "नाही मनांग, मरायचं नाही. पण लोकांच्या नजरेत जगायचं कसं ते कळत नाही." मलाही कळत नाही, असं मी म्हटलं. ते खरं आहे.

शनिवारी बैठकीला यायचं की नाही, हे तो शनिवारी ठरवणार. त्याने तीन गोष्टी मागितल्या आहेत. त्या दिवशी बैठक तू चालवू नयेस, नोंग तिबोंनी चालवावी. कुणाच्या घरी माता आली तरी बैठकीतल्या कुणाचं नाव मोठ्याने घेऊ नये, हे सगळ्यांनी कबूल करावं. आणि तू रडू नयेस. "ती रडली तर मलाच तिची समजूत काढत बसावं लागेल," म्हणतो.

माझंही एक मागणं आहे. तू म्हणतेस बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं. मी बैठक चालवत असताना दोन पावसाळे गोळ्यांबद्दल खोटं बोलले, तुला माहीत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी आत बुडत होते. चार रात्रींची झोप नसलेली बाई म्हणून येऊन बाकावर बस. ती जागाही तुझीच आहे.

ओफेलिया


इलोइलो
२५ ऑक्टोबर, गुरुवार

प्रिय मनांग,

नोंग तिबो हो म्हणाले. मी माफी मागितली, तेव्हा म्हणाले, "माफी राहू दे, बाक पुसून ठेव." कालपासून आरशासमोर "आज कोण कसं आहे?" म्हणायचा सराव करतायत. त्यांचे वरचे लोकही आतून उत्तरं देतात म्हणे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ओगराळ्याच्या ओळीपाशी दर वेळी थांबले. मला वाटायचं, मी त्याची लाज राखते आहे. खरं म्हणजे सांडलेला रस्सा मलाच बघवत नव्हता.

मंगळवारी दुपारी मी मालकिणीकडे निघाले होते, त्याला पुन्हा चुलीपाशी घ्या म्हणून सांगायला. दुकान दिसायला लागलं आणि पाय थांबले. त्याला विचारलंय का? नाही. परत फिरले. मनांग, काही न करता परत येणं किती अवघड असतं गं! सगळा रस्ता तळपाय चावत होते.

ज्युडिथ आली होती. शनिवारी येऊ का म्हणाली, खाली जिन्याशी उभी राहीन. मी म्हटलं, त्याला विचार. ती चिडली, "तू प्रत्येक गोष्टीला हेच म्हणणार का आता?" मग हसली. पहिल्यांदाच.

काल माता आमच्या समोरच्या घरी होती. माळ संपल्यावर मालकिणीची जाऊ मागे वळून म्हणाली, "काय पेर्ला, आज त्या मुलासाठी नाही मागायचं?" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तोंडापर्यंत शब्द आले होते. "मागते आहे," मी म्हटलं, "मनात." ती म्हणाली, "मनातलं मातेला ऐकू जातं का?" तिच्या पुढच्या म्हातारीने परस्पर तिला उत्तर दिलं, "तुझं नको ते सगळं जातं, हिचं का नाही जाणार?" मी दारात बसून केळीच्या पानातला भात खाल्ला. काल रात्री झोपही लागली, पहाटेपर्यंत नाही, पण लागली. मी वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे, येत्या सोमवारची.

बैठकीची खोली झाडून ठेवली आहे. सगळ्यांना नव्याने नाव विचारायचं आहे, कुणाला हाक मारायची ते. तेही नोंग तिबोच विचारतील. माझं मी तुझं देणार आहे.

हे पत्र दोदोंगच्या हाती तुला आज रात्री मिळेल, म्हणजे तुम्ही उद्या निघण्याआधी. विल्मरला वाचून दाखव. त्याला नको वाटेल ते खोड.

शनिवारी तीनला बैठक सुरू होईल. माझी पाळी येईल तेव्हा मी काय केलं ते सांगेन. रडू आलं तर "पुढे" म्हणेन. विल्मर आला तर येईल. नाही आला, तर दार नेहमीसारखं पाचपर्यंत उघडं राहील आणि त्याच्याबद्दल कुणी काही विचारणार नाही. आला, तर पातेलं त्याच्या हातात असेल. ओगराळं धुऊन त्याच्याच खिळ्याला अडकवलं आहे. तो वाढायला घेईल, हात थरथरेल, रस्सा सांडेल. त्या वेळी मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बाकावर बसणार आहे.

तुझी
पेर्ला